टनाला शंभर ग्रॅम

फेब्रुवारीत मका आला नाही.
दक्षिणेकडची मालगाडी बर्फात अडली म्हणे,
आणि अडली नसती तरी त्या भावात
ओरिसिया ह्नात्युकनं तो घेतला नसता.
तिच्या कोठारात सातू होता, घरच्या शेतातला,
चाळीस टन. सोन्यासारखा वगैरे नाही,
सातूसारखाच: मळकट, कुसळांचा, मानेला खाजणारा.
तोच दळला, तोच ओतला
तीन हजार कोंबड्यांपुढे.

नवव्या दिवशी अंड्यांवर डाग.
विष्ठा डिंकासारखी, पायांना, पिसांना,
अंडी वाहणाऱ्या पट्ट्याला चिकटलेली.
खाली भुसा ओला. दार उघडलं की डोळ्यांत अमोनिया.
"पाणी फार पितायत," नातू म्हणाला.
"कोंबड्या नाही रे, धान्य पितंय," ती म्हणाली,
आणि असं का म्हणाली ते तिलाच कळलं नाही.

कोंबडीला दात नसतात.
ती खडे गिळते, मग पोटात जातं फिरत राहतं
रात्रंदिवस, ओवीवाचून.
पण जात्यानं दाणा फुटतो, कुलूप फुटत नाही.
सातूच्या पेशींभोवती साखळी असते साखरेचीच,
गोड न लागणाऱ्या साखरेची.
पाणी लागलं की ती फुगते, खळ होते,
आणि सत्त्व उराशी धरून
आतड्यातून तशीच पुढे जाते,
दारावरून गेलेल्या, न थांबलेल्या पाहुण्यासारखी.

सास्काटूनहून रेनाटो आला, बूट झटकत.
पाच किलोची पिशवी. तपकिरी भुकटी.
"टनाला शंभर ग्रॅम."
"एवढंसं? औषध आहे की चर्चमधलं पाणी?"
"औषध नाही. बुरशीकडून करून घेतलेलं विकर.
आधी किलोभर पिठात कालवायचं, मग दहा किलोत,
मग टनात. घाई केलीस
तर एकीच्याच वाट्याला सगळं."

विकर. विकार.
लिहिताना एका कान्याचं अंतर,
माझा हात तिथे दर वेळी थबकतो.

तिनं पिशवीत नाक घातलं.
आंबलेल्या पिठाचा वास.
आणि आईची बादली: जस्ताची, कडा चेपलेली,
रात्री सातू भिजवून शेगडीच्या उबेला ठेवलेली,
सकाळी निथळून परसातल्या कोंबड्यांना.
का गं आई?
माझी आई ठेवायची म्हणून.
पुढे कोंबड्या शंभराच्या हजार झाल्या,
नवरा म्हणाला, बादली कुणाकुणाला पुरणार,
आणि ती मागे पडली, कुणी न मोडता.

रेनाटो चहा पीत म्हणाला, बरोबर आहे,
भिजलेल्या दाण्याला वाटतं आता उगवायचं,
मग तो स्वतःचं कुलूप स्वतःच काढायला लागतो.
तुझी आई त्याला फसवत होती.
ओरिसिया बराच वेळ काही बोलली नाही.
"ती कुणालाच फसवायची नाही," शेवटी म्हणाली.

तीन आठवड्यांत पट्टा स्वच्छ, भुसा कोरडा.
पण बलक फिका.
विकर कुलूप काढतं, रंग देत नाही;
रंग मक्याबरोबर मालगाडीतच राहिला होता.
झेंडूच्या पाकळ्यांची पूड मिळते, रेनाटोनं कळवलं.
तिनं किंमत विचारली आणि फोन ठेवला.
शनिवारी बाजारात पुठ्ठ्यावर लिहिलं:
बलक फिका आहे. सातूचा आहे.
मिसेस द्रोझ्डनं एक फोडून पाहिलं,
आजारी दिसतं म्हणाली, आणि अर्धा डझनच घेतली.
दुसऱ्या शनिवारी ती आली नाही.
तिसऱ्या शनिवारी आली, कारण दिलं नाही.

आता खाद्यघरात विकराची पिशवी,
तोंडाला कपड्यांचा चिमटा,
शेजारी ग्रॅमचा काटा, नातवाच्या अक्षरात तक्ता.
आणि घरामागे अकरा म्हाताऱ्या कोंबड्या,
अंडी घालतात न घालतात,
कुठल्याच हिशेबात नाहीत.
त्यांच्यासाठी ती रोज रात्री
एक बादली भिजत घालते.
तिथे काटा नाही. मूठ आहे,
आणि मूठ थोडी थरथरते,
त्यामुळे माप रोज वेगळं.